‘पाळीनंतर चौदाव्या दिवशी’ : नंतर म्हणजे कधीपासून?

प्रश्न असा आला आहे : एका आरोग्यपत्रकाचं मराठी करताना ‘पाळीनंतर चौदाव्या दिवशी ओव्ह्युलेशन होतं’ असं वाक्य लिहिलं. वाचून पाहणाऱ्या दोघींनी त्याचे दोन अर्थ लावले. एकीने पाळी आल्या दिवसापासून चौदा मोजले, दुसरीने पाळी संपल्यापासून. बरोबर कोण? आणि ‘ओव्ह्युलेशन’ला, म्हणजे अंडाशयातून स्त्रीबीज सुटण्याला, बरा मराठी शब्द कोणता?

दुसरा प्रश्न सोपा, म्हणून तो आधी उरकतो. पुस्तकी मराठीत ‘अंडमोचन’ आहे, ‘बीजमोचन’ही आहे. मला बीजमोचन जास्त आवडतो. ‘स्त्रीबीज’ हा शब्द आधीच सर्वांच्या ओळखीचा आहे, आणि ‘मोचन’मध्ये ऋणमोचन, संकटमोचन यांतली सुटका आहे. ‘अंडोत्सर्जन’ मात्र टाळा. उत्सर्जन म्हटलं की शाळेतली उत्सर्जनसंस्था आठवते, आणि शरीराला नकोसं झालेलं बाहेर टाकणं हा अर्थ इथे अगदीच विजोड. दवाखान्यात यातलं काहीच कानावर पडत नाही. तिथे ‘अंडं फुटलं का?’ असं विचारतात. ते धसमुसळं वाटतं खरं, पण मराठीत काच फुटते तशी पालवीही फुटते आणि पान्हाही फुटतो, त्यामुळे क्रियापदाबद्दल माझी तक्रार नाही. कर्ता तेवढा चुकतो. फुटते ती अंडाशयातली पुटिका, म्हणजे फॉलिकल. द्रवाने भरलेली ही पिशवी साधारण दोन सेंटिमीटरची झाली की फुटते, आणि आतलं बीज अख्खंच्या अख्खं बाहेर पडतं.

आता पहिला प्रश्न. तुमच्या वाक्यातली खरी गोम ‘ओव्ह्युलेशन’मध्ये नाहीच, ती ‘नंतर’मध्ये आहे.

‘लग्नानंतर दोन वर्षांनी’ म्हणताना आपण लग्नाच्या दिवसापासून मोजतो. ‘सुट्टीनंतर दोन दिवसांनी’ म्हणताना मात्र सुट्टी संपल्यापासून. म्हणजे शब्द घटनेचा असेल तर ‘नंतर’ घटनेपासून धरायचं, कालावधीचा असेल तर त्याच्या शेवटापासून. पंचाईत अशी की पाळी दोन्ही आहे. ती ‘येते’, तेव्हा घटना असते. ती ‘चार दिवस असते’, तेव्हा कालावधी. शिवाय ‘माझी पाळी तीस दिवसांची आहे’ असंही सर्रास म्हणतात, तेव्हा ती अख्खं चक्र होते. ‘पाळी किती दिवसांची?’ या एका प्रश्नाला म्हणूनच एकीकडून ‘पाच’ असं उत्तर येतं आणि दुसरीकडून ‘अठ्ठावीस’, आणि दोन्ही मराठी म्हणून चोख असतात. पाळीचा मूळ अर्थच तसा सैल आहे. खेळातली पाळी, पाण्याची पाळी, कामाची पाळी : नंबर लागणं, तो नंबर चालू असणं आणि पुन्हा नंबर लागेपर्यंतचा फेरा, सगळं त्यात मावतं.

वैद्यकातली मोजणी नि:संदिग्ध आहे. नीट रक्तस्राव सुरू झाला तो दिवस पहिला. पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसाच्या आदल्या दिवशी चक्र संपलं. तेव्हा तुमच्या दोन वाचकांपैकी पहिली बरोबर. आणि गंमत म्हणजे बोलीत हीच मोजणी रुळलेली आहे : ‘आज दुसरा दिवस आहे’ असं कुणी म्हटलं की तो सुरुवातीपासूनचाच दुसरा असतो, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घोटाळा होतो तो लेखी वाक्यात ‘नंतर’ शिरल्यावर. स्राव पाच दिवस टिकत असेल तर दुसऱ्या वाचकाचा चौदावा दिवस खरा एकोणिसावा निघतो. २८ दिवसांच्या चक्रात तोवर बीज विरूनही गेलेलं असतं, कारण सुटल्यावर ते फार तर १२ ते २४ तास टिकतं.

जाता जाता आणखी एक बारकावा. ‘चौदाव्या दिवशी’ आणि ‘चौदा दिवसांनी’ यांतही एका दिवसाचा फरक आहे. आपण पहिला दिवस धरून मोजणारे लोक. आठवड्याला ‘आठ दिवस’ म्हणतो आणि दोन आठवड्यांना ‘पंधरा दिवस’. पहिल्या दिवसापासून चौदावा दिवस तेरा दिवसांनी येतो.

पण ‘पाळी सुरू झाल्यापासून चौदाव्या दिवशी’ असं दुरुस्त केलं तरी वाक्य अर्धंच खरं राहतं. चक्राचे दोन भाग असतात. पाळी येण्यापासून बीज सुटेपर्यंतचा पहिला, आणि बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा दुसरा. लांबतो-आखडतो तो मुख्यतः पहिला. दुसरा बराच स्थिर, साधारण दोन आठवड्यांचा, कारण फुटलेल्या पुटिकेचा जो पीतपिंड बनतो त्याचं आयुष्यच तेवढं असतं. गर्भ राहिला नाही की तो आटतो, त्याचं संप्रेरक ओसरतं आणि पाळी येते. म्हणजे बीजमोचन मागच्या पाळीला बांधलेलं नाही, पुढच्या पाळीला बांधलेलं आहे. चक्र ३५ दिवसांचं असेल तर ते एकविसाव्या दिवसाच्या आसपास होईल, २४ दिवसांचं असेल तर दहाव्या. चौदावा दिवस हा फक्त २८चा हिशेब.

हे कळायला जगाला बराच वेळ लागला. एकोणिसाव्या शतकात युरोपातले अनेक डॉक्टर पाळीला प्राण्यांच्या माजासारखंच समजत आणि बीज पाळीच्या सुमारासच सुटतं असं मानत. त्यामुळे गर्भ नको असेल त्यांना ते दोन पाळ्यांमधले दिवस सुरक्षित म्हणून सांगत. नेमके उलटे! जपानचे क्युसाकू ओगिनो यांनी १९२४ साली मांडलं की बीज पुढच्या पाळीच्या आधी १२ ते १६ दिवसांच्या दरम्यान सुटतं. ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस स्वतंत्रपणे जवळपास त्याच निष्कर्षाला पोचले.

आपल्याकडचा ‘ऋतू’ हा शब्द इथे आठवतो. आज ऋतुस्राव, ऋतुप्राप्ती यांत ऋतू म्हणजे रक्तस्राव असंच आपण धरतो. संस्कृतात ऋतू म्हणजे ठरलेली, योग्य वेळ. मनुस्मृतीत स्त्रीचा ऋतुकाळ १६ रात्रींचा सांगितला आहे, स्राव दिसल्यापासून मोजून, आणि त्यातल्या पहिल्या चार वर्ज्य. म्हणजे जोर स्रावावर नाही, त्यानंतरच्या दिवसांवर आहे. त्यातला सम-विषम रात्रींवरून मुलगा-मुलगी ठरवण्याचा भाग साफ चुकीचा आहे, पण ‘ऋतुकाळ’चा अर्थ स्रावाचे दिवस असा नव्हता, एवढं त्यावरून नक्की दिसतं. मराठीत येताना शब्द तेवढा सरकला.

तुमच्या पत्रकात मी असं लिहीन : ‘पुढची पाळी येण्याच्या सुमारे चौदा दिवस आधी अंडाशयातून स्त्रीबीज सुटतं, यालाच बीजमोचन म्हणतात.’ ‘सुमारे’ काढू नका. ज्यांची पाळी मागेपुढे होते त्यांना पुढची तारीख आधी कळतच नाही. त्यांच्यासाठी एरवीच्या योनिस्रावाचा (रक्तस्रावाचा नव्हे) कच्च्या अंड्यातल्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखा बुळबुळीत, तार धरणारा पोत किंवा लघवीची एलएच चाचणी (बीज सुटण्याआधी वाढणारं संप्रेरक ओळखणारी) हे जास्त उपयोगी इशारे. सकाळचं तापमान किंचित वाढतं, पण बीज सुटून गेल्यावर. आणि नुसत्या तारखा मोजून गर्भ टाळता येतो असा समज वाक्यातून होऊ देऊ नका.

पुढे त्याच पत्रकात ‘फर्टाइल विंडो’ येईलच. शुक्राणू पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, म्हणून बीज सुटण्याआधीचे पाच आणि तो एक, असे हे सहा दिवस. एका ॲपमध्ये मी त्यांचं भाषांतर ‘सुपीक खिडकी’ असं वाचलं आहे. आपल्याकडे जमीन सुपीक असते, फार तर एखाद्याचं डोकं. ‘गर्भधारणेचे संभाव्य दिवस’ लिहा. घरगुती बोलीत सांगायचं तर ते ‘दिवस जाण्याचे दिवस’, पण पत्रकात हे चालेल का ते तुम्हीच बघा.