पळस आभाळात का बुडाला

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद. तुझं पळसाचं चित्र पाहिलं. फुलांचा केशरी अगदी खरा, आभाळाचा निळाही खरा, तरी फुलं आभाळात बुडाली. दोन्ही रंग सारखेच गडद पडलेत. रंग किती उजळ, किती गडद, याला त्याचं मूल्य म्हणतात. ते चुकलं की भडक रंगही उठत नाही.

तेव्हा आठवडाभर पळस राहू दे, करडी पट्टी कर, म्हणजे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सारख्या पायऱ्यांनी गडद होत जाणारी. जाड ड्रॉइंग पेपरवर ३ सेंमीचे ९ चौकोन एकमेकांना चिकटून आख. मध्ये पांढरी फट राहिली की शेजारचे दोन करडे ताडता येत नाहीत. पहिल्यात नुसता पांढरा पोस्टर कलर, नवव्यात नुसता काळा. मग पाचवा, दोन्हींच्या बरोबर मधला करडा, भर, त्यानंतर तिसरा आणि सातवा, उरलेले शेवटी. पाचव्याला हात हमखास फसतो, कारण काळा-पांढरा निम्मे निम्मे घेतले जातात. काळा फार जोरकस. निम्मा घेतलास तर सातव्या-आठव्या घराचा करडा होईल. पांढऱ्यात ब्रशच्या टोकाने काळा घालत जा. उलट केलंस तर पांढऱ्याची बाटली संपेल, करडा काही उजळणार नाही.

पोस्टर कलर वाळला की बदलतो: उजळ छटा जरा गडद होतात, गडद छटा फिकटतात. म्हणून आधी तुकड्यावर वाळवून बघ. आपल्याकडच्या उन्हात वाळायला वेळ लागत नाही, पण पॅलेटमधला रंगही घट्ट होऊन ब्रशच्या रेघा उमटतात. निंबाखाली बस, अधूनमधून पाण्याचा थेंब दे.

पट्टी झाली की केशरी आणि निळ्याचे रंगवलेले तुकडे तिच्यावर सरकव, डोळे किलकिले कर. ज्या घरावर तुकड्याची कड पुसट होते, ते त्याचं मूल्य. लिंबासारखा पिवळा दुसऱ्या घराजवळ थांबेल, नुसता अल्ट्रामरीन, म्हणजे गडद निळा, आठव्याजवळ. केशरी इतका पेटलेला, तरी मधल्याच घरांत बसेल; तुझ्या निळ्यात पांढरा घातलेला आहे, तोही तिथेच सापडेल.

आता चित्राकडे वळ. आभाळ दुसऱ्या घरापर्यंत उजळ कर. पळसाच्या फुलाच्या बुडाशी काळपट मखमली टोपी असते, तू ती गाळलीस. ती आठव्या घराची कर. त्यासाठी केशरीत नुसता काळा घालू नकोस, मळकट होतो, बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, घे. फुलांच्या केशरीला मात्र हात लावू नकोस.

येताना पट्टी घेऊन ये.