शंका-समाधान : ‘ब्लर’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) डोमकळीतल्या, म्हणजे अळीमुळे न उमललेल्या फुलातल्या, अळीचा फोटो कृषी सहायकांना पाठवला, तर ‘ब्लर आहे, परत पाठवा’ असं उत्तर आलं. चारदा काढला, तरी तेच. ब्लर म्हणजे अंधार का?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : नाही. उजेड भरपूर असूनही फोटो ब्लर येतो. ब्लर म्हणजे कडा हरवणं. 16 व्या शतकातल्या इंग्रजीत हा शब्द शाईच्या फराट्यासाठी होता. आपण घासलेल्या अक्षराला पुसट म्हणतो आणि मोतीबिंदूच्या नजरेला अंधुक; इंग्रजीचं दोन्हीकडे ब्लरवर भागतं.

तुमचा फोटो मोठा करून पाहा, चूक त्यातच दिसेल. अळी पुसट आणि मागचं ढेकूळ स्वच्छ, म्हणजे फोन फार जवळ नेला. बहुतेकांचं इथंच चुकतं. वीतभर अंतर ठेवा, पाकळ्या उकलून धरा, पडद्यावर अळीवरच बोट टेकवा, क्षणभर थांबा, मग काढा. अळी बारीक दिसली तरी चालेल, फोटो नंतर कापता येतो. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हलला. कोपर बरगडीला टेकवा. नुसतं पानच फराटलं असेल तर तो वारा, फांदी धरायला कोणाला तरी सांगा. सांजच्याला कॅमेरा प्रकाश जास्त वेळ घेतो, म्हणून हे दोन्ही दोष तेव्हा वाढतात. सगळ्यावर दुधी पडदा असेल तर काच घामट आहे, सुती कापडानं पुसा. आणि व्हॉट्सअॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन बारकावे जातात.

प्रश्न : ‘फोटो इज ब्लर’ हे इंग्रजी बरोबर का?

उत्तर : चूक. ‘ब्लर्ड’ किंवा ‘ब्लरी’ हवं. मराठीत मात्र ‘ब्लर फोटो’ खुशाल म्हणा.

प्रश्न : फवारणी करणाऱ्या भावाच्या दवाखान्याच्या कागदावर ‘ब्लर्ड व्हिजन’ लिहिलं आहे. चष्मा लागेल का?

उत्तर : याचा अर्थ अंधुक दिसणं, पण फवारणीनंतर त्याला चष्म्याचं काम समजू नका. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखं फवारणीचं कीडनाशक औषध अंगात गेलं की डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नजर अंधुक होते. सोबत घाम, लाळ, मळमळ असते. पुन्हा असं झालं तर कपडे तिथंच उतरवा, साबणानं अंग धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. डब्यावरचं नाव पाहून डॉक्टरांना उपचार ठरवता येतात.