एकाच चित्राच्या चार प्रती आणि जुनी तिकिटं कशाला जपायची?

प्रश्न: म्युझियमचे ऑनलाइन कॅटलॉग बघायची सवय लागलीये. डच चित्रकार रेम्ब्रांटचं 'तीन क्रूस' हे छापील चित्र एकाच संग्रहात वेगवेगळ्या नंबरखाली बऱ्याच वेळा दिसतं. त्याच संग्रहात दुकानांची कार्डं, तिकिटं, हँडबिलंही तितक्याच काळजीने नोंदलेली. एक प्रत पुरत नाही का? आणि तिकिटांचं काय करायचं? शिवाय प्रदर्शनात इतका अंधार असतो की यातलं काही धड दिसतही नाही.

उत्तर: आधी रेम्ब्रांट, कारण त्या प्रती 'एकच चित्र' नाहीयेतच. 1653 च्या या चित्रात त्याने बरंचसं काम ड्रायपॉइंटने केलंय, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर थेट सुईने ओरखडे काढायचे, त्या ओरखड्याच्या कडेला धातूची बारीक कोर उभी राहते, तिच्यात शाई अडकते आणि कागदावर मखमलीसारखी मऊ काळी रेघ उमटते. पण प्रेसच्या दाबाखाली ती कोर लवकर चपटी होते, मग रेघ फिकी पडत जाते. म्हणजे सुरुवातीला काढलेली प्रत आणि नंतरची प्रत शेजारी ठेवली तर फरक साध्या डोळ्यांनाही कळतो. त्यात रेम्ब्रांटने पुढे तोच पत्रा घासून, वर नवीन रेघा मारून चित्रच बदलून टाकलं: आधीच्या प्रतींत वरून उजेड पडतोय, गर्दीतला माणूस न् माणूस दिसतोय आणि नंतरच्यात अर्धी गर्दी काळोखात गडप, आणि उंच टोपीवाला एक घोडेस्वार नव्यानेच आलाय! माणूस कसा विचार करत होता हे याहून जवळून कुठे बघायला मिळणार? एकच प्रत ठेवली असती तर हे कळलंच नसतं.

आता तिकिटं. मला स्वतःला हा भाग जास्त आवडतो. लंडनमध्ये सारा सोफिया बँक्स नावाच्या बाई (1744-1818) व्हिजिटिंग कार्डं, प्रवेशाची तिकिटं, दुकानांची कार्डं असं सगळं गोळा करायच्या, वर तारखा टिपून ठेवायच्या. 1780 च्या दशकात बलूनमधून आकाशात उडायचं वेड आलं तेव्हाचे कागदही त्यांनी सोडले नाहीत. त्या गेल्यावर हा संग्रह ब्रिटिश म्युझियमकडे आला. त्या काळच्या दुकानांच्या कार्डावर पुढे नक्षी आणि मालाची जाहिरात असते, आणि पुष्कळदा मागे हाताने लिहिलेलं बिल, म्हणजे कोणी काय घेतलं आणि किती पैसे दिले ते. अशा गोष्टी कोणी पुस्तकात लिहून ठेवत नाही. ऑक्सफर्डच्या जॉन जॉन्सन यांनी तर आधी इजिप्तमधल्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यांतून जुने पपायरस (लव्हाळ्यापासून बनवलेल्या कागदावरचे लेख) शोधले होते, आणि तिथेच त्यांच्या डोक्यात आलं की दोन हजार वर्षांपूर्वीची रद्दी आपण एवढी जपतो मग आपल्याच काळाची का नाही? त्यांनी जमवलेले कागद 1968 मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बोडलियन लायब्ररीत गेले आणि आज तो संग्रह पंधरा लाखांच्या आसपास आहे.

अंधाराची तुमची तक्रार समजते, पण कागदाला उजेडाने झालेली इजा भरून येत नाही, ती साठतच जाते. म्हणून साधारण 50 लक्सवरच (लक्स हे उजेड मोजायचं माप) ठेवतात आणि काही महिन्यांनी परत पेटीत.

नीट बघायचंच असेल तर बऱ्याच मोठ्या म्युझियममध्ये स्टडी रूम असते, आधी वेळ घेऊन जा, कॅटलॉग नंबर कळवा, रेम्ब्रांटच्या दोन वेगवेगळ्या अवस्थांमधल्या, म्हणजे पत्रा बदलण्याआधीच्या आणि नंतरच्या, प्रती एकत्र मागा. दुकानाचं कार्ड मागितलंत तर तिथल्या माणसाला ते उलटून दाखवायला आवर्जून सांगा, ऑनलाइन फोटो बहुतेक वेळा पुढच्याच बाजूचा असतो.