फेलोशिप म्हणजे पगार नव्हे

पीएचडीवाल्या पोरांचे तेच तेच प्रश्न येतायत, म्हणून एकदाच सांगून टाकतो.

सर, जेआरएफच्या (पीएचडी करताना मिळणाऱ्या ज्युनियर रिसर्च फेलोशिपच्या) महिन्याच्या ३७,००० मधून पीएफ कापतात का? (नंदुरबार)
नाही. ती फेलोशिप आहे, पगार नाही.

सर, त्यावर टॅक्स लागतो का? (अमळनेर)
शिक्षणासाठी मिळालेल्या स्कॉलरशिपला आयकरात सूट आहे, पण सोबत क्लासचे वगैरे पैसे येत असतील तर हिशोब बदलतो, पासबुक घेऊन सीएकडे जा, व्हॉट्सअॅपवर विचारत बसू नका.

सर, चार महिने पैसे नाहीत, एक जण दोन हजारात काढून देतो म्हणतोय. (शहादा)
एक रुपया देऊ नका! युजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) फेलोशिप थेट खात्यात येते आणि त्यासाठी विद्यापीठाने दर महिन्याला पोर्टलवर कन्फर्मेशन टाकावं लागतं, बहुतेक वेळा तेच राहिलेलं असतं. आजच विभागात जाऊन विचारा. दोन वर्षं झाली असतील तर एसआरएफचे (जेआरएफनंतरच्या सिनियर फेलोशिपचे) कागद अडकलेत का तेही बघा.

सर, जेआरएफ चालू असताना गावच्या कॉलेजात सीएचबी (तासाच्या मानधनावर शिकवणं) घेतली तर कोणाला कळणार? सगळेच घेतात. (रावेर)
भाऊ, सगळे घेतात म्हणून चालतं हे कोणी सांगितलं? माझ्यासमोर एका पोराचे दोन मस्टर आले होते, एकच तारीख, संशोधन केंद्रात सकाळी ११ ची सही आणि तिकडे कॉलेजात त्याच वेळचा तास, सहीचं वळणही तेच. फेलोशिप घेताना आपण लिहून देतो की दुसरीकडून मानधन घेणार नाही, मग सापडलात की घेतलेली रक्कम परत भरायची पाळी येते, आणि ती भरायला घरचे केळीचे पैसे जातात. विभागाने आठवड्याला ४ ते ६ तास ट्युटोरियल, प्रॅक्टिकल दिलं तर ते युजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमात बसतं, ते वेगळं. घरची अडचण खरी असते, मला माहितीये, पण आधी गाईडशी बोला, विद्यापीठाला लेखी विचारा, लेखी उत्तर येईपर्यंत तास घेऊ नका.

सर, पीएचडीची वर्षं प्राध्यापकाच्या नोकरीसाठी शिकवण्याच्या अनुभवात धरतात का? (शिरपूर)
नाही धरत. शिकवण्याच्या नोकरीत असताना रजा न घेता केली असेल तरच तो काळ धरतात. सर्व्हिस बुक दाखवून आस्थापना विभागात खात्री करा.

सर, बाळंतपणाच्या रजेने अ‍ॅडमिशन जाईल का? (धुळे)
नाही ताई. पूर्ण पीएचडीत मिळून २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. अर्ज वेळेत द्या, पोच घ्या.