ग्राफिक्स कार्डाचं नंतर बघू, आधी १८ मार्चचा हप्ता थांबवा

दिग्रस तालुक्यातल्या एका गावाहून २८ वर्षांच्या तरुणाचं पत्र आलं आहे. गावात त्यांचं ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं सेंटर आहे, महिन्याकाठी १५,००० सुटतात. घरची ५ एकर कोरडवाहू शेती वडील पाहतात. घरात आईवडील, पत्नी आणि ३ वर्षांची मुलगी. पत्र थोडं कापून देतो:

"गेमिंगसाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. यवतमाळला एक जुना २८,००० ला मिळतो. २०१७ चा आहे, सातव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, पण जीटीएक्स १०५० चं ४ जीबी कार्ड आहे. नवा घेतला तर रायझन ७, १६ जीबी रॅम, वेगळं कार्ड नाही, आतलंच रेडिऑन ७८०एम. किंमत ६६,०००, १२ महिने नो-कॉस्ट हप्ता. मित्र म्हणतो, कार्ड ते कार्डच, आतल्या ग्राफिक्सवर गेम चालत नसतात. जीटीए ५ आणि व्हॅलोरंट खेळायचं आहे, पुढे गेमिंगचा चॅनल काढायचा आहे, मित्राच्या मते महिन्याला १०,००० आरामात निघतील. पैशाची अडचण नाही. कापूस आणि तुरीचे १ लाख ३० हजार खात्यात आहेत. त्यातून १८ मार्चला बँकेतल्या एफडीचा ५०,००० चा दुसरा हप्ता कटेल. सोसायटीचं ९५,००० पीककर्ज आहे, पण यंदा भरत नाही, माफी होणार म्हणतात. सेंटरवर दहाव्या पिढीच्या आय५ चा डेस्कटॉप आहे, पण लॅपटॉप घरी नेता येतो. कोणता घेऊ? एफडीच्या कागदाचा फोटो जोडला आहे, त्यावर व्याज किती लागेल तेही सांगा."

लॅपटॉपचं उरकून घेतो, कारण उत्तर सरळ आहे. तुमच्या मित्राचं म्हणणं २०१७ साली बरोबर होतं. तेव्हा आतल्या ग्राफिक्सवर व्हिडिओ पाहायचे आणि टायपिंग करायचं, एवढंच. आज ७८०एम हे १०५० च्या बरंच पुढे आहे आणि जीटीएक्स १६५० च्या आसपास पोचतं. १०५० चं एकच बळ, त्याला स्वतःची ४ जीबी मेमरी आहे. ७८०एमला स्वतःची मेमरी नसते, ते लॅपटॉपच्या रॅमवर जगतं. म्हणून १६ जीबी एकाच पट्टीत असेल तर फ्रेम धाडकन पडतात, म्हणजे गेम अडखळत चालतो. ८-८ च्या दोन पट्ट्या पाहिजेत. दुकानात लॅपटॉप चालू करून टास्क मॅनेजर उघडा, मेमरीवर क्लिक करा, किती स्लॉट भरलेत ते तिथे दिसतं. त्याच खिडकीत जीपीयूचं नाव वाचा. स्टिकरवर नुसतं 'रेडिऑन ग्राफिक्स' असतं, आणि आत ७८०एमच्या १२ ग्राफिक्स युनिटांऐवजी २ युनिटांचं ६१०एम निघू शकतं. रायझन ७ ७७३०यू ऐकायला नवा वाटतो, त्यात ग्राफिक्स मात्र जुनं व्हेगा आहे. दुकानदाराला 'गेमिंग चालेल का' विचारू नका. तो हो म्हणणार.

जुन्यात मला कार्डापेक्षा बाकीच्या गोष्टींची भीती आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या यादीत तो सातव्या पिढीचा आय५ बसत नाही. एनव्हिडियानेही १०५० च्या पिढीला गेमसाठीचा शेवटचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. यापुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत तीन-तीन महिन्यांनी फक्त सुरक्षेचे अपडेट. तुमचे दोन्ही गेम त्यावर चालतील, प्रश्न तो नाही. प्रश्न असा, की आठ-नऊ वर्षांच्या मशीनची बॅटरी गेलेली असते, लाइन गेली की गेम बंद. आणि मे महिन्यात टिनाखाली ४५ अंशांत ते कार्ड तापून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतं. २८,००० हा त्याचा भाव नाहीच.

म्हणजे दोन्हीत नवा चांगला, आणि तरीही दोन्ही घेऊ नका.

आता तुमची एफडी. भाऊ, फोटो मोठा करून पाहिला. वरच कंपनीचं नाव आहे, ती जीवन विमा कंपनी आहे. खाली 'प्रीमियम भरण्याचा कालावधी १० वर्षे', 'पॉलिसीचा कालावधी १५ वर्षे', 'विमा रक्कम ५ लाख'. व्यवसायाच्या रकान्यात 'बिझनेस' आणि वार्षिक उत्पन्न ६ लाख. तुमच्या पत्रातला हिशोब लावला तर सेंटर आणि शेती मिळून चांगल्या वर्षी पावणेतीन-तीन लाख होतात. हे ६ लाख तुम्ही सांगितले नसावेत, भरणाऱ्याने भरले आणि तुम्ही सही केली. कास्तकार चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, घेऊन एफडी करायला येतो आणि पॉलिसी घेऊन जातो, तेही बहुधा मार्चमध्ये, कारण टार्गेट मार्चमध्ये पुरं करायचं असतं. एफडीला 'दुसरा हप्ता' नसतो, हे तुम्हाला सांगावं असं त्या काउंटरवर कोणालाच वाटलं नाही.

तर व्याज. दरवर्षी ५०,००० प्रमाणे १० वर्षं, म्हणजे ५ लाख भरायचे. १५ व्या वर्षाच्या शेवटी साडेसात लाख 'गॅरंटीड', असं त्याच पानावर आहे. दीडपट ऐकायला गोड, पण हिशोब केला तर वर्षाला ४ टक्क्यांच्या आतच. तेच हप्ते पोस्टात पीपीएफमध्ये टाकले असते तर सध्याच्या ७.१ टक्क्यांनी त्याच वेळेला साडेदहा लाखांच्या घरात गेले असते. पुन्हा पीपीएफला वर्षाला ५०० रुपये टाकले तरी खातं जिवंत राहतं. बोंडअळीचं वर्ष आलं तर ५००, कापूस साधला तर २०,०००. पॉलिसीला तुमचा पाऊस कळत नाही, तिला दर मार्चला ५०,००० हवेत. तुमच्या घरच्या कमाईतले सहात एक.

तुम्ही म्हणाल, पण पहिले ५०,००० तर बुडतील. बऱ्याच अंशी बुडतील, हो. मात्र पुढे बघा: ते ५०,००० पूर्ण गेले असं धरा आणि उरलेले ९ हप्ते पीपीएफमध्ये टाका. तरी १५ व्या वर्षी ९ लाखांच्या आसपास होतात. पॉलिसी चालू ठेवून साडेसात. बुडालेले वाचवायला आणखी साडेचार लाख टाकून शेवटी दीड लाख कमीच मिळवायचे, असा हा व्यवहार आहे.

पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, ती मुदत गेली. तरी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार करा: एफडी सांगून विमा दिला, उत्पन्न चुकीचं लिहिलं. प्रस्ताव फॉर्मची प्रत आणि पॉलिसी देण्याआधी फोन आला असेल तर त्याचं रेकॉर्डिंग मागा. फोनवर तुम्ही 'हो, हो' म्हणाला असाल तर केस थोडी पडते, हेही सांगून ठेवतो. सोबत विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर नोंदवा, ते तुमच्यासाठी पाच मिनिटांचं काम आहे. महिनाभरात दाद लागली नाही तर पुण्याचे विमा लोकपाल; फी नाही, वकील लागत नाही. हे चालू असताना सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी आत्ता मोडली तर किती परत मिळतील तो आकडा, लेखी मागून ठेवा. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनी एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल तर वर्ष संपल्यावर काही रक्कम परत मिळते. ती भरलेल्यापेक्षा बरीच कमी असेल. तक्रारीत काही हाती लागलं नाही तर ती घ्या आणि मोकळे व्हा.

आता ते ९५,०००. इथे मला जास्त राग येतो, कारण इथे तुम्हाला कोणी फसवलेलं नाही. महाराष्ट्रात ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची आणि पंजाबराव देशमुख योजनेची सवलत मिळून व्याज शून्य पडतं. मुदत बहुतेक सोसायट्यांत ३१ मार्च, गटसचिवाला विचारून घ्या. मुदत चुकली की सवलत गेली: ९५,००० वर ७ टक्क्यांनी साडेसहा हजार, पुढे थकबाकीचा दर वेगळा. आणि खरी मार नंतर आहे. थकबाकीदाराचं नवं-जुनं, म्हणजे जुनं फेडून लगेच नवं कर्ज उचलणं, होत नाही. जूनमध्ये नवं कर्ज नाही, मग बियाणं-खत कृषी केंद्रातून उधारीवर किंवा हातउसने शेकडा २ रुपयांनी. शेकडा २ म्हणजे वर्षाला २४ टक्के. तूर निघेपर्यंत ८ महिने धरले तरी १५,००० गेले.

माफी होईलही. २०१७ ला दीड लाखापर्यंत झाली, २०१९ ला २ लाखांपर्यंत झाली. दोन्ही वेळा तारखेच्या, खात्याच्या अटी होत्या. एकाच धुऱ्यावरच्या दोन कास्तकारांपैकी एक बसला, एक राहिला. आणि २०१९ च्या योजनेत नियमित फेडणाऱ्यालाही ५०,००० पर्यंत प्रोत्साहन जाहीर झालं होतं, हे पारावर कोणी सांगत नाही. पारावर सांगणाऱ्याचं सातबारावर नावही नसतं, असा माझा अनुभव आहे.

आता खात्यातले १ लाख ३०. त्यातले ९५,००० सोसायटीला. नवं-जुनं झाल्यावर मिळेल ते खरिपाचं, त्याला लॅपटॉपच्या नावानं हात लावायचा नाही. उरले ३५,०००. त्यातून ५० लाखांचा साधा टर्म विमा, म्हणजे माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा, तुमच्या वयाला वर्षाला ७-८ हजार. पैसे परत मिळत नाहीत, म्हणूनच तो स्वस्त आहे. 'पैसे परत'वाला दाखवला तर उठून या. आत्ता तुम्हाला काही झालं तर त्या पॉलिसीचे ५ लाख मुलीला दहावीपर्यंतही पुरणार नाहीत. खर्रा खात असाल तर फॉर्मवर लिहा. हप्ता वाढेल, वाढू द्या. लपवलेली तंबाखू कंपनीला दाव्याच्या वेळी बरोबर सापडते. आणि दिवसभर गावाची आयुष्मान कार्डं काढून देता, घरातल्यांची काढली आहेत ना?

राहिले २७,०००. यावर ६६,००० चा लॅपटॉप म्हणजे महिन्याला साडेपाच हजार, सेंटरच्या कमाईचा तिसरा हिस्सा. नो-कॉस्ट म्हणतात, पण रोखीत मिळणारी सूट जाते, प्रोसेसिंग फी लागते, आणि बिलात वाढीव वॉरंटी न विचारता येऊन बसते. चॅनलच्या भरवशावर हप्ता तर अजिबात नको. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायलाच १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तास लागतात. एकेकाने ४ मिनिटं पाहिलं तर ६०,००० व्ह्यूज, तेही फक्त दारात उभं राहायला. गेम आवडीनं खेळा, आवड म्हणून खर्च करा, त्यात काही वाईट नाही.

ती आवड ७-८ हजारांत भागते. सेंटरवरच्या डेस्कटॉपला वापरलेलं जीटीएक्स १६५० लावा. ते १०५० च्या पुढच्या पिढीचं आहे, ड्रायव्हर अजून येतात, तुमचे दोन्ही गेम छान चालतील. त्याच्या बऱ्याच मॉडेलांना वेगळी पॉवर वायर लागत नाही, ७५ वॉटमध्ये भागतं. तरी सप्लाय किती वॉटचा आहे आणि कॅबिनेटमध्ये जागा आहे का, ते खोलून पाहा. कार्ड समोर चालवून, अर्धा तास गेम खेळून मगच पैसे द्या. घरी नेता येणार नाही, मान्य. सेंटर बंद केल्यावर रात्री खेळा. फक्त त्या मशीनवर क्रॅक केलेला गेम टाकू नका, कारण त्यातच गावाचे आधार आणि बँकेचे कागद आहेत.

हे सगळं करायच्या आधी एक. तुम्ही 'हप्ता कटेल' लिहिलंय, म्हणजे खात्यावर ऑटो-डेबिट लागलेलं आहे. उद्याच बँकेत जाऊन ते बंद करण्याचा अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, आणि कंपनीलाही मेल करा. काउंटरवर 'पॉलिसी लॅप्स होईल' म्हणून घाबरवतील. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवड असते, तेवढ्यात सरेंडरचा आकडाही येईल. अर्ज देऊनही खात्री वाटत नसेल तर ९५,००० आधीच सोसायटीत भरून टाका आणि बाकीचे पोस्टाच्या खात्यात हलवा. १८ तारखेला त्या खात्यात ५०,००० दिसायला नकोत.