‘लिस्ट_डेल’मधल्या दोन ओळी काढाव्यात का?

प्रश्न : लिनक्स कर्नलसाठी ड्रायव्हर लिहितोय. प्रलंबित विनंत्या ‘लिस्ट_हेड’च्या (कर्नलच्या दोन्ही बाजूंनी जोडलेल्या) यादीत ठेवल्या आहेत, काही हजार नोड असतात. ‘लिस्ट_डेल’ हे फंक्शन नोड काढल्यावर त्याच्या नेक्स्ट-प्रीव्हमध्ये (पुढच्या-मागच्या नोडच्या पॉइंटरांत) ‘पॉइझन’, म्हणजे मुद्दाम चुकीचे पत्ते, लिहितं. त्या दोन ओळी काढल्या आणि लूपमध्ये प्रीफेच (पुढचा डेटा आधीच कॅशमध्ये मागवणं) घातलं, तर वेग वाढेल का?

उत्तर : पॉइझनला हात लावू नका. काढायचा नोड नुकताच वाचलेला असतो, त्याची कॅशलाइन (प्रोसेसरच्या जलद मेमरीतला तुकडा) हाताशीच असते; तिथे दोन पॉइंटर लिहिण्याचा खर्च नगण्य. खरा वेळ जातो शेजाऱ्यांपायी. मागच्याचा नेक्स्ट आणि पुढच्याचा प्रीव्ह बदलावाच लागतो, आणि ते दोघे मेमरीत कुठेही पडलेले असतात. शिवाय तोच नोड चुकून दोनदा काढला, तर ६४-बिट इंटेल-एएमडी मशीनवर ऊप्सच्या (कर्नलच्या क्रॅश-संदेशाच्या) रजिस्टरांत ‘डेड’ने सुरू होऊन १०० किंवा १२२ने संपणारे पत्ते दिसतात. चूक तिथल्या तिथे पकडली जाते. एवढी सोय घालवू नये.

प्रीफेच कर्नलमध्ये होतंच. २०११ साली साध्या लिस्टच्या लूपमधून ते काढलं. पुढचा पत्ता कळतो तोच मुळी नोड वाचल्यावर, आणि तेव्हा प्रोसेसर स्वतःच पुढे धावतो. हॅशच्या साखळ्यांत तर शेवटच्या नल पॉइंटरचंही प्रीफेच व्हायचं आणि टीएलबी मिसमध्ये (पत्त्यांच्या भाषांतराच्या कॅशमध्ये नोंद न सापडण्यात) वेळ जायचा.

आधी ‘पर्फ’ हे वेळ मोजणारं साधन लावून वेळ कुठे जातो ते बघा. लॉकवर जात असेल, तर स्टॅकवर रिकामी यादी घ्या, लॉक धरून ‘लिस्ट_स्प्लाइस_इनिट’ने सगळे नोड तिच्यात ओढा, लॉक सोडा आणि मग निवांत काम करा. नोड कितीही असोत, जोडणी मोजक्या पॉइंटरांचीच. नुसतं ‘लिस्ट_स्प्लाइस’ वापरलंत तर जुनं हेड हललेल्या नोडांकडेच बोट दाखवत राहतं. आणि विनंती रद्द करणारा कोड त्याच लॉकखाली नोड काढत असेल, तर तुमची स्थानिक यादी त्याच्यापासून सुरक्षित नाही. अशा नोडवर ‘रद्द’ची खूण करा, काढू नका.

वेळ शोधण्यात जात असेल, तर तुलनेचं फील्ड ‘लिस्ट_हेड’ला लागून ठेवा. दोन्ही एकाच ६४ बाइटच्या कॅशलाइनमध्ये येतात का, ते ‘पाहोल’ हे स्ट्रक्चरची मांडणी दाखवणारं साधन सांगतं. क्रमांकावरूनच शोधायचं असेल तर यादी सोडा, हॅश टेबल करा. तिथे ‘एचलिस्ट’चं (हॅश टेबलासाठीच्या यादीचं) हेड १६ऐवजी ८ बाइटचं असतं.

प्रश्न : यादीतले नोड काढत फिरण्यासाठीचा ‘लिस्ट_फॉर_ईच_एंट्री_सेफ’ लूप वापरूनही क्रॅश होतो.

उत्तर : ते फक्त पुढचा नोड आधी लक्षात ठेवतं. चालू नोड काढलात तर ठीक. पण लूपमधल्या कॉलबॅकने पुढचाच नोड मोकळा केला, किंवा मध्ये लॉक सोडलंत, तर लक्षात ठेवलेला पत्ता मेलेला असतो. यादी रिकामी होईपर्यंत दर वेळी पहिला नोड घ्या, लॉक धरून काढा, मग लॉक सोडून त्याचं काम करा.