ॲक्युरेट आणि प्रिसाइस या दोन शब्दांत नेमका फरक काय?

तुम्ही विचारलंय की शब्दकोशात ‘ॲक्युरेट’ आणि ‘प्रिसाइस’ या दोन्हींपुढे ‘अचूक’ असंच दिलंय, प्रॅक्टिकलला मात्र सर म्हणाले की दोन्ही एक नाहीत. मग फरक काय आणि तो प्रत्यक्षात कुठे दिसतो? मी नागपुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. या फरकावर आमचं रोजचं काम चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. मोजून आलेला आकडा खऱ्या किमतीच्या किती जवळ आहे, ती ॲक्युरसी. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मोजली तर येणारे आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत, ते प्रिसिजन. एकाच आकड्याबद्दल बोलताना प्रिसाइस म्हणजे तो किती बारीक सांगितलाय ते. पायची (π) किंमत कुणी ३.१ सांगितली तर ती ॲक्युरेट आहे, फक्त ढोबळ आहे. कुणी ३.२४१५९२६ सांगितली तर सात दशांश स्थळांपर्यंत प्रिसाइस आहे आणि साफ चूक आहे. बोलण्यातल्या इंग्रजीतही हेच चालतं. बातमी ॲक्युरेट आहे म्हणजे जे घडलं तेच तिच्यात आलंय. वेळ प्रिसाइस सांगितली म्हणजे ‘सकाळी कधीतरी’ न म्हणता ‘सात वाजून बारा मिनिटं’ असं सांगितलं. गाडी आठला सुटली असेल तर ‘सात बारा’ हे प्रिसाइस राहतं, ॲक्युरेट राहत नाही.

हा फरक समजावायला पुस्तकांत आणि नेटवर एकच चित्र असतं, नेमबाजीच्या लक्ष्याचं. मधोमध लाल ठिपका. सगळ्या गोळ्या ठिपक्यावर बसल्या तर दोन्ही गुण आहेत. सगळ्या एका कोपऱ्यात दाटीने बसल्या तर प्रिसिजन आहे, ॲक्युरसी नाही. चित्र चांगलं आहे, पण त्यात सगळ्यात अवघड भाग गाळला आहे. चित्रात लाल ठिपका दिसतो. मोजणाऱ्याला तो कधीच दिसत नाही. माझ्या हातात रक्ताची नळी असते आणि त्या रक्तात साखर खरी किती आहे हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. कोऱ्या कागदावरची भोकं तेवढी दिसतात. त्यामुळे प्रिसिजन मला जागेवर बसून तपासता येतं, नमुना रिपीट लावला की झालं. ॲक्युरसी तपासायला मात्र बाहेरचं काहीतरी लागतं, ज्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी आधी पक्की ठरवली आहे. या दोन शब्दांतला खरा फरक मला इथे दिसतो. व्याख्या पाठ करणाऱ्या मुलांना हे कुणी सांगत नाही याचं वाईट वाटतं.

म्हणूनच सकाळी लॅब उघडली की पेशंटच्या नमुन्याआधी कंट्रोल लागतो. कंट्रोल म्हणजे बाहेरून तयार होऊन आलेलं सीरम (रक्तातला पेशींशिवायचा द्रव). त्यात साखर, युरिया, क्रिएटिनिन किती यायला हवं याची मर्यादा सोबतच्या कागदावर छापलेली असते. एक कंट्रोल नॉर्मल पातळीचा, एक वाढलेल्या पातळीचा. त्यांचे आकडे रोज आलेखावर टिंबांनी मांडायचे; मधे सरासरीची रेघ, तिच्या वर-खाली एक, दोन आणि तीन स्टँडर्ड डेव्हिएशनच्या (आकडे सरासरीपासून साधारण किती पसरतात त्या मापाच्या) रेघा. लेव्ही आणि जेनिंग्ज या दोघांनी १९५० मध्ये ही पद्धत रक्ततपासणीत आणली, म्हणून आम्ही त्याला एल-जे चार्ट म्हणतो. हा चार्ट वाचता आला की तुमच्या प्रश्नाचं उत्तर डोळ्यांना दिसतं. टिंबं आज दोन रेघा वर, उद्या दोन रेघा खाली अशी उड्या मारायला लागली तर प्रिसिजन गेलं. मग पिपेटमध्ये बुडबुडा आहे का, प्रोब घाण झालाय का, वीज कमी-जास्त होतेय का, ते बघायचं. टिंबं एकमेकांना धरून आहेत, पण सलग दहा वेळा रेघेच्या एकाच बाजूला पडली आहेत, तर ॲक्युरसी सरकली. तेव्हा रिएजंटचा (तपासणीच्या रसायनाचा) नवा लॉट, मशीनचा जुना दिवा किंवा कॅलिब्रेशन (मशीन माहीत किमतीशी जुळवून घेणं) यांच्याकडे बघायचं. पहिल्या बिघाडाला आम्ही रँडम एरर म्हणतो, दुसऱ्याला सिस्टिमॅटिक एरर किंवा बायस.

दुसऱ्या बिघाडात एकही टिंब मर्यादेबाहेर गेलेलं नसतं. नवीन आलेली मुलं ‘कंट्रोल आत आहे’ म्हणून पुढे जातात, आणि ते स्वाभाविक आहे, कारण एकेक टिंब बघितलं तर ते खरंच आत असतं. दहा टिंबं एकत्र बघितली तरच कळतं की सगळा मेळा एका अंगाला सरकलाय. शिवाय कंट्रोल लावणारे आम्हीच, वाचणारेही आम्हीच. म्हणून बाहेरची तपासणीही लागते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची अशी एक योजना आहे, देशभरातल्या लॅब तिच्यात भाग घेतात. नमुना येतो, किंमत सांगितलेली नसते, आपण आपला आकडा कळवायचा आणि इतर लॅबच्या मानाने आपण कुठे आहोत ते मागाहून समजतं.

परीक्षेसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. आयएसओ ५७२५ या आंतरराष्ट्रीय मानकात (१९९४) ‘ॲक्युरसी’ हा शब्द मोठ्या अर्थाने घेतलाय. त्यात दोन भाग येतात, ट्रूनेस आणि प्रिसिजन. आकड्यांची सरासरी खऱ्या किमतीला धरून आहे का, ते ट्रूनेस. म्हणजे मी वर ज्याला ॲक्युरसी म्हणतोय, त्याला काटेकोर भाषेत ट्रूनेस म्हणतात. शाळा-कॉलेजच्या पुस्तकांत जुनाच वापर चालतो, तुम्ही तोच लिहा.

आता अशी उदाहरणं सांगतो जिथे मशीन उत्तम चालतंय, कंट्रोल बरोबर आहे आणि तरी रिपोर्ट चुकतो. मे महिन्यात घरून रक्त गोळा करणारा मुलगा नागपुरातल्या मानेवाड्याकडून तीन-चार घरं करत धंतोलीला लॅबमध्ये पोहोचेपर्यंत दोन तास सहज जातात. साखरेचं रक्त साध्या नळीत घेतलं असेल तर त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि नळीतली साखर वापरत राहतात. खोलीच्या तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर अशी कमी होते, उन्हात त्याहून भरभर. म्हणून साखरेसाठी राखाडी टोपणाची, पेशींचं साखर वापरणं रोखणाऱ्या फ्लोराइडची नळी असते, आणि उन्हाळ्यात तीही बर्फाच्या डब्यातच यायला हवी. समजा पेशंटची उपाशीपोटीची साखर १३० (डेसिलिटरला मिलिग्रॅम) होती. साध्या नळीतून दोन तासांनी ती ११५ च्या आसपास येईल. शंका आली म्हणून रिपीट लावलं तर ११४, ११५, ११४. काय सुंदर प्रिसिजन! मशीनने काहीच चूक केलेली नाही, नळीत त्या क्षणी तेवढीच साखर होती. डॉक्टरांना मात्र माणसाच्या अंगातली साखर हवी होती. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त आली की मधुमेहाचा विचार होतो, आणि हा माणूस त्या रेषेच्या पलीकडे असून अलीकडे दिसला.

दुसरं उदाहरण आपल्या विदर्भात फार महत्त्वाचं आहे. एचबीए१सी ही तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी तुम्हाला माहीत असेल. हिमोग्लोबिनला किती टक्के साखर चिकटली आहे ते ती मोजते. यात गृहीत असं आहे की तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढे दिवस तिच्यावर साखर जमत जाते. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णात, म्हणजे ज्याला आम्ही एसएस पॅटर्न म्हणतो त्यात, पेशी १० ते २० दिवसांतच मोडते. तिच्यावर साखर जमायला वेळच मिळत नाही. शिवाय ज्या नेहमीच्या हिमोग्लोबिनवर ही तपासणी बेतलेली आहे, तेच त्या रुग्णाच्या रक्तात तयार होत नाही. त्यामुळे साखर वाढलेली असली तरी एचबीए१सी कमी दिसू शकतो, आणि पुन्हा केला तरी तसाच कमी दिसतो. ‘तीनदा केलं ना भाऊ, तीनही वेळा तेच येऊन राहिलं,’ असं नातेवाईक म्हणतात तेव्हा त्यांचं म्हणणं खरंच असतं. पण तिन्ही वेळा मोजपट्टी तीच होती आणि ती या रक्तासाठी केलेलीच नव्हती. अशा रुग्णाला साधी रक्तातली साखर किंवा फ्रुक्टोसामाइन (रक्तद्रवातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर) बघावं लागतं. एएस पॅटर्न, म्हणजे नुसता वाहक असेल, तर पेशी नेहमीइतक्याच जगतात आणि आजच्या बहुतेक पद्धतींनी आकडा ठीक येतो; तरी रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांना पॅटर्न माहीत असलेला बरा. घरात कुणाला सिकलसेल असेल तर रक्त देतानाच सांगा, एवढी मात्र सगळ्यांना विनंती आहे.

हीच गोष्ट तापमानाची. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि दिवसभर फोनवर तोच आकडा फिरत होता. नागपूरचा आजवरचा उच्चांक मे २०१३ चा, ४७.९ अंश. त्याच दिवशी इथलीच दुसरी केंद्रं ४४ च्या आसपास होती, त्यामुळे ५६ म्हणजे सेन्सरचा बिघाड हे लवकर समजलं आणि हवामान खात्याने तसं सांगितलंही. तुमच्या प्रश्नासाठी मला आदल्या दिवशीची दिल्लीतल्या मुंगेशपूरची घटना जास्त उपयोगाची वाटते. तिथे ५२.९ अंश नोंदले गेले आणि तपासात निघालं की सेन्सर सुमारे तीन अंश जास्त दाखवतोय. नागपूरचा आकडा इतका वेडावाकडा होता की कुणीही थांबून विचार केला असता. तीन अंशांचा फरक हिवाळ्यात कुणाच्या लक्षातही आला नसता. बायस छोटा असेल तर तो वर्षानुवर्षं मुक्कामाला राहतो.

आता दशांश चिन्हाबद्दल, कारण सगळ्यात जास्त फसवणूक त्याच्यामुळे होते. आपल्या नागपुरातल्या झिरो माईल या खुणेच्या दगडाची उंची समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट सांगितली जाते. फुटाचा हजारावा भाग म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा. असा आकडा दिसला की दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे: किती बारीक मोजलंय, आणि कशापासून मोजलंय? समुद्रसपाटीची पातळी जिथे धरली तिथेच काही इंचांचा फरक असेल तर शेवटचे तीन अंक कितीही काळजीने काढले तरी तो फरक भरून निघत नाही. ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी (त्रिकोण मांडून देशाची मोजणी करण्याच्या कामाशी) ही खूण जोडली जाते, ते सर्वेक्षण १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू करणारे विल्यम लॅम्टन १८२३ मध्ये आपल्या शेजारच्या हिंगणघाटला वारले. त्याच सर्वेक्षणाने पुढे एव्हरेस्ट मोजला. असं सांगतात की हिशेब बरोबर २९,००० फूट आला, पण लोकांना तो अंदाजाने धरलेला गोल आकडा वाटेल म्हणून १८५६ मध्ये २९,००२ जाहीर केला. आज मान्य असलेली उंची ८८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट. शंभराहून जास्त मैलांवरून मोजून तीसेक फुटांची चूक, ही ॲक्युरसी थक्क करणारी आहे. वर जोडलेल्या दोन फुटांनी तिच्यात म्हणण्यासारखी काहीच भर घातली नाही. आकडा बारीक मोजल्यासारखा दिसला, एवढंच.

तुम्ही जर्नलमध्ये निरीक्षणं लिहिता तेव्हा हे लक्षात ठेवा. कॅल्क्युलेटरने आठ अंक दिले म्हणून आठही लिहायचे नसतात. आणि सरासरीने काय सुधारतं तेही बघा. चार वेळा मोजून सरासरी घेतली तर रँडम चुकीचा पसारा निम्मा होतो, सोळा वेळा मोजलं तर पाव होतो. बायस मात्र शंभर वेळा मोजूनही तेवढाच राहतो, कारण प्रत्येक आकडा त्याच बाजूला ढकललेला असतो.

घरी करून बघायचं असेल तर ग्लुकोमीटर घ्या. आयएसओ १५१९७ या २०१३ च्या मानकानुसार साखर १०० किंवा त्याहून जास्त असेल तर मीटरचे ९५ टक्के आकडे लॅबच्या आकड्याच्या १५ टक्के मागे-पुढे आले तरी चालतात. १०० च्या खाली १५ मिलिग्रॅम मागे-पुढे. म्हणजे खरी साखर १२० असेल तर १०२ पासून १३८ पर्यंत काहीही आलं तरी मीटर नियमात आहे, आणि मधुमेहाची १२६ ची रेषा नेमकी त्याच पट्ट्यात येते. त्यामुळे मीटरवर कुणी मधुमेहाचं निदान करू नये. साखर वाढतेय की उतरतेय हे बघायला मात्र तो छान आहे, फक्त त्याचं प्रिसिजन चांगलं हवं. ते घरीच कळतं: हात साबणाने धुऊन, पुसून, एकाच डब्यातल्या पट्ट्यांनी पाच मिनिटांत दोन-तीनदा मोजा आणि आकडे किती पसरतात ते बघा. ॲक्युरसीसाठी तोच मीटर घेऊन सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये या. हाताच्या शिरेतलं रक्त दिल्याबरोबर तिथेच बोटातून मोजा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. जेवणानंतर ही तुलना करू नका. तेव्हा बोटातल्या रक्तात साखर मुळातच शिरेतल्यापेक्षा जास्त असते.